पोचल्याची खात्री करणाऱ्या प्रभावतीताई

प्रभावतीताईंची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीने झाली. गौरव अंकातल्या लेखाची सुरुवात लेखकाच्या फजितीने करावी का, असा प्रश्न संपादक मंडळाला पडला असेल तर माझा नाइलाज आहे. भेट तशीच झाली, आणि ताईंच्या अंकात खोटं लिहिलं तर त्या ते शोधून काढतील.

मी तेव्हा आपल्या संस्थेच्या गोरेगावच्या शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून नुकताच लागलो होतो. त्याआधी गोरेगावातच एका दुकानात लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचो. त्यामुळे कॉम्प्युटर आपल्या मुठीत आहे, असा माझा पक्का समज होता. हिंगोलीच्या केंद्रीय कार्यालयाने सगळ्या विद्यार्थ्यांची माहिती मागवली. मी तीन दिवस खपून ती यादी केली, पेन ड्राइव्हवर घेतली, आमच्याच कॉम्प्युटरला लावून उघडते की नाही ते पाहिलं. छान उघडत होती. मग पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून जीपने सेनगाव आणि तिथून एसटीने हिंगोली गाठलं. वाटेत दहा वेळा खिसा चाचपला असेल.

केंद्रीय कार्यालयात प्रभावतीताई मुख्य लिपिक होत्या. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, फाईलवर क्लिक केलं आणि पडद्यावर आलं की अशी फाईल सापडत नाही. कार्यालयात चार माणसं होती. त्यांच्यासमोर मी ठासून सांगितलं की मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, आमच्याकडे उघडते. ताईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि फाईलच्या चित्राच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा बाणावर बोट ठेवलं.

"हा बाण दिसून राहिला का? तुमी घराचा पत्ता आणला. घर तिकडंच राहिलं."

मी फाईल आणलीच नव्हती. पडद्यावरचा शॉर्टकट उचलून आणला होता. आमच्या कॉम्प्युटरवर तो उघडायचा, कारण खरी फाईल तिथेच होती. चौघांपैकी एक जण हसला. ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या की त्यात हसण्यासारखं काय आहे, माझ्याकडूनही असंच झालं होतं एकदा, तेही वरच्या कार्यालयात पाठवताना. मग त्यांनी डब्यातली अर्धी भाकर आणि मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवली, उपाशी माणसाला परत प्रवास करायला लावणार नाही म्हणाल्या, आणि जेवण झाल्यावर प्रवास मात्र करायला लावला. दुसऱ्या दिवशी मी खरी फाईल घेऊन पुन्हा हिंगोलीत हजर होतो.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना विचारलं की ताई, तुमच्याकडून तो शॉर्टकटचा घोटाळा नेमका केव्हा झाला होता? त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, झाला असंल कवातरी. झाला नव्हता. एका नवख्या माणसाची लाज राखायला त्यांनी स्वतःच्या नावावर एक चूक घेतली होती. पुढे मला कळलं की ही त्यांची खोडच आहे.

ताईंना आपण सगळेच ओळखतो, पण त्यांनी नेमकं काय केलं हे मात्र संस्थेतल्याही पुष्कळांना सांगता येणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपली कार्यालयं तीन. हिंगोलीचं केंद्रीय, सेनगावच्या कनिष्ठ महाविद्यालयाचं आणि गोरेगावच्या शाळेचं. प्रत्येक ठिकाणी इंटरनेट वेगळं, जोडणारा माणूस वेगळा. हिंगोलीतल्या एका टेबलावरचा कॉम्प्युटर शेजारच्या टेबलावरच्याला दिसायचा, पण गोरेगावचा त्याच्या हिशेबी जगातच नव्हता. त्यामुळे आमच्या फायली पेन ड्राइव्हवर बसून प्रवास करायच्या. कधी जीपवाल्याच्या खिशात, कधी ओळखीच्या कंडक्टरकडे. ताईंचे यजमान, आमचे काका, एसटी डेपोत होते, त्यामुळे निम्मा डेपो आमच्या टपालखात्यात होता. पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही फुकट फिरायचे. ज्याला घाई असेल तो आपल्या मोबाइलवरून पाठवायचा, आणि मग एकाच यादीच्या 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' अशा तीन आवृत्त्या तीन गावांत नांदायच्या.

हे थांबवायचं ताईंनी मनावर घेतलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांचं शिक्षण वाणिज्य शाखेचं आणि नोकरीची सुरुवात टाइपरायटरवर. नेटवर्क जोडून द्यायला जो तंत्रज्ञ आला, तो म्हणाला की मॅडम, मी सगळं लावून देतो, तुम्हाला त्यातलं नाही कळणार. ताईंनी त्याला चहा दिला, खुर्ची दिली आणि दोनशे पानी वही उघडून समोर बसल्या. मला कळलं नाही तर उद्या तुम्ही नसाल तेव्हा कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. तो बिचारा पुढे आठवडाभर येत राहिला. त्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं मी पाहिलं आहे: 'आपला कॉम्प्युटर त्यांना का दिसत नाही?' आणि खाली चार पानं उत्तर. शेवटी त्यांनी अशी सोय बसवून घेतली की तिन्ही गावांतले कॉम्प्युटर इंटरनेटवरूनच, पण बाहेरच्या कुणाला शिरता येणार नाही अशा वाटेने, एकमेकांना शेजारी असल्यासारखे दिसू लागले. हिंगोलीचं कार्यालय हळदीच्या बाजाराजवळ, त्यामुळे तिथे बसवलेल्या, तिन्ही गावांना जोडणाऱ्या यंत्राच्या पंख्यात हळदीची धूळ जायची. दर शनिवारी ताई स्वतः ते पुसायच्या आणि फडकं पिवळं व्हायचं. ते काम त्यांनी कधी शिपायाला सांगितलं नाही, कारण तो वायर ओढतो अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खरी होती.

सोय झाली म्हटल्यावर सगळ्यांना सगळं उघडं हवं होतं. ताईंनी प्रत्येक कार्यालयात एकच फोल्डर सामायिक ठेवलं आणि प्रत्येक माणसाला त्याचा स्वतंत्र पासवर्ड दिला. आमचे मुख्याध्यापक वैतागले होते, मीही. मग एकदा एका खासगी शिकवणीचे चालक हिंगोलीच्या कार्यालयात आले. दहावीच्या मुलामुलींची नावं आणि घरचे फोन नंबर त्यांना हवे होते, आणि संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीने ते आले होते. ताईंनी त्यांना दोनदा चहा पाजला, त्यांच्या गावची, नातेवाइकांची चौकशी केली, आणि यादी न देता रस्त्यापर्यंत सोडून आल्या. त्या दिवशी मला पासवर्डचा राग यायचा थांबला. ताईंच्या चहात साखर फार असते, ही तक्रार मात्र आजही आहे.

आता त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध नियमाकडे येतो. ताईंचं माहेर हिंगोलीतलंच, देवळाच्या पूजेचा मान असलेलं. भाऊबंदांत पूजेची पाळी फिरती असायची. पाळी बदलायच्या दिवशी जुना पुजारी नव्याच्या हातात एकेक वस्तू द्यायचा. घेणाऱ्याने ती हातात घेऊन मोठ्याने सांगायचं, समई एक, घंटा एक, पळी एक, आणि शेवटची वस्तू बोलून झाली की मगच देणारा मोकळा. घेणाऱ्याने नुसती मान हलवली तर चालायचं नाही. ताई लहानपणी वडिलांबरोबर हे बघत आल्या होत्या. आमच्या सामायिक फोल्डरात त्यांनी तेच आणलं. आत दोन कप्पे केले, एकाचं नाव 'पाठवलं' आणि दुसऱ्याचं 'ताब्यात'. पाठवणाऱ्याने फाईल पहिल्या कप्प्यात टाकून फोन करायचा. घेणाऱ्याने ती उघडून तिची शेवटची ओळ फोनवर वाचून दाखवायची, आणि मग त्यानेच ती 'ताब्यात'मध्ये हलवायची. तोवर जबाबदारी पाठवणाऱ्याची.

आम्ही या नियमाची भरपूर टिंगल केली. सेनगावचे एक प्राध्यापक शेवटची ओळ नाटकातल्या संवादासारखी म्हणायचे. आपसात आम्ही ताईंना 'शेवटची ओळ' असंच म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी फोन उचलून शांतपणे सांगितलं, "हां, शेवटची ओळ बोलून राहिले, बोला." त्यानंतर पंधरा दिवस मी हिंगोलीला फोन करायचं टाळत होतो.

इथवर सगळं गमतीचं लिहिलं. पुढचं लिहायला जड जातं, पण ते वगळलं तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत दहावीला आरती नावाची मुलगी होती. वडील सोपानराव मेंढपाळ. आरतीची नजर जन्मापासून अधू. पुस्तक नाकाला लावून दोन ओळी वाचल्या की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. शिक्षक फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलायचे, ते तिच्यासाठीच. परीक्षेत तिने सांगायचं आणि दुसऱ्या मुलीने लिहायचं, अशी लेखनिकाची सवलत तिला मिळू शकत होती. त्यासाठी अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांची शिफारस, अशी कागदपत्रं केंद्रीय कार्यालयाकडे द्यायची आणि तिथून सगळ्यांचे अर्ज एकत्र पुढे जायचे. नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून तयारही झाली होती. दोघी मधल्या सुट्टीत सराव करायच्या.

मी कागदपत्रं स्कॅन केली, 'पाठवलं'मध्ये टाकली आणि हिंगोलीला फोन लावला. ताई भाचीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. फोन जगदीशने घेतला. तो तिथला दुसरा लिपिक. त्याच्यापुढे गर्दी होती. आली रे, दिसून राहिली, म्हणाला. मला मुख्याध्यापकांनी हाक मारली होती. शेवटची ओळ वाच म्हणायचं मी टाळलं, फोन ठेवला, आणि काम अडकून नको राहायला म्हणून फाईल मीच 'ताब्यात'मध्ये हलवून टाकली. एका क्लिकचं काम.

ताई रजेवरून आल्या तेव्हा 'पाठवलं' रिकामं होतं, म्हणजे जगदीशने सगळं पुढे पाठवलं असणार, असं त्यांना वाटलं. जगदीशला फाईल 'ताब्यात'मध्ये दिसली, म्हणजे ताईंनी बघितली असणार, असं त्याला वाटलं. अर्जांचा गठ्ठा आरतीच्या अर्जाशिवाय गेला.

परीक्षा तोंडावर आली आणि सवलतींची यादी आली. तिच्यात आरतीचं नाव नव्हतं. मी यादी तीनदा वाचली. मग 'ताब्यात' उघडून बघितलं, तर तिची फाईल तिथे जशीच्या तशी पडून होती. त्या मुलीने वर्षभर केलेला अभ्यास उत्तरपत्रिकेवर उतरणार नव्हता, आणि त्याचं कारण मी होतो. ताईंना फोन लावला. फाईल कुणी हलवली, एवढंच त्यांनी विचारलं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असल्यामुळे त्यांना ते कॉम्प्युटरवर बघता आलं असतं. त्यांनी बघितलं नव्हतं, मला विचारलं. मी म्हणालो, मी. सोपानरावांना घेऊन सकाळी हिंगोलीला ये, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी कार्यालयात संस्थेचे एक पदाधिकारीही आले होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले की त्या दिवशी गोरेगावचं नेट बंद होतं असं पत्र द्या, आपल्याकडे नेट बंद असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, कुणी शंका घेणार नाही. खरं सांगतो, मला ते पटलं होतं. माझी नोकरी त्यात वाचत होती.

"साहेब, नेट चालू होतं," ताई म्हणाल्या. "आपण खोटं लिहिलं आन् त्यांनी नोंद मागितली, तर पोरीचा खरा अर्ज बी खोट्यात जाईल."

मग त्या सोपानरावांकडे वळल्या आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी हात जोडले. चूक आमच्या कार्यालयाची आहे, मुलीची नाही, तुमचीही नाही, असं त्यांनी सांगितलं. सोपानराव दारापाशीच उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते.

"बाई, चूक कुणाची बी असू द्या," ते म्हणाले. "लेकराला लिवता येत न्हाई, सांगता येतं. तिचं तेवढं ऐकून घेनारं कुनी मिळंल का, एवढंच बघा."

ताईंनी पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. काय झालं ते, कसं झालं ते, आणि ही चूक केंद्रीय कार्यालयाच्या मुख्य लिपिकाची आहे, असं लिहून खाली सही केली. मी म्हणालो की ताई, माझं नाव घाला, फाईल मी हलवली. त्यांनी टोपण लावत मला विचारलं की तुझं नाव घातल्याने पोरीला काय मिळणार आहे? आणि मग म्हणाल्या, "रजेवर जाताना मी जगदीशच्या ताब्यात काम दिलं न्हाई. नुसतं 'बघ जरा' म्हणून गेले. माझ्या बापानं मला पाळीवर उभं केलं नसतं." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना ते मनापासून तसंच वाटत होतं.

ताई आणि सोपानराव परीक्षेच्या विभागीय कार्यालयाकडे निघाले आणि मला त्यांनी गोरेगावला परत पाठवलं, कारण मूळ कागद शाळेत होते. दुपारी तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, सोपानरावांचं ऐकलं, आणि सांगितलं की कागदपत्रं शाळेच्याच ई-मेल खात्यावरून आज पाच वाजेपर्यंत आली तर मी आजच वर ठेवतो. तिथे बाहेरचा पेन ड्राइव्ह चालत नव्हता, कुणाच्या मोबाइलवरून आलेलं चालत नव्हतं. ताईंनी बसवलेली आमची वाट तिथवर जात नव्हती. हे पूर्ण वेगळं नेटवर्क होतं, आणि त्याच्या एका टोकाला ताई अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर, दुसऱ्या टोकाला मी.

मी कागद स्कॅनरमध्ये घातले, एक फाईल केली आणि पाठवली. माझ्या पडद्यावर पाठवल्याचा संदेश आला. ताईंनी फोन चालूच ठेवला होता, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू येत होतं. अधिकारी म्हणाले, आली. मी खुर्चीत मागे टेकलो.

"साहेब, एक तकलीफ देते," ताईंचा आवाज आला. "शेवटच्या पानावरची शेवटची ओळ वाचून दाखवता का?"

साहेबांना अशी विनंती आजवर कुणी केली नसावी. आता ते चिडतात, असं मला वाटलं. फाईल उघडायला वेळ लागला. मग त्यांनी वाचलं, डाव्या डोळ्याची तपासणी केली असता, आणि थांबले. पुढं काही नाही, म्हणाले. डॉक्टरांची सही कुठे आहे?

आमच्या स्कॅनरने दोन कागद एकदम ओढले होते. प्रमाणपत्राचं दुसरं पान, सहीचं आणि शिक्क्याचं, गेलंच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. सहीवाचून ते प्रमाणपत्र म्हणजे साधा कागद होता. तो अर्ज वर गेला असता, परत आला असता, आणि तोवर परीक्षा सुरू झाली असती. मी गठ्ठा बाजूला ठेवला आणि एकेक कागद वेगळा स्कॅन करू लागलो. घाईत एक पान वाकडं गेलं, ते पुन्हा केलं. घाई कर, असं ताई फोनवर एकदाही म्हणाल्या नाहीत. फाईल गेली. साहेबांनी या वेळी न सांगता शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, शिक्का.

"माधव," ताई म्हणाल्या, "आता ताब्यात."

मी शाळेच्या कार्यालयात एकटा होतो. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, ताईंनाही नाही. आता छापलं जाईल.

परवानगी आली. आरतीने प्रत्येक पेपर बोलून सोडवला आणि ती उत्तम गुणांनी पास झाली. ताईंनी मला त्या चुकीवरून कधी टोमणा मारला नाही. फक्त दोन गोष्टी बदलल्या. पाठवणाऱ्याला फाईल 'ताब्यात'मध्ये हलवताच येऊ नये, अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. आणि रजेवर जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला बोलून द्यायचं, असा नियम केला, ज्याची पहिली अंमलबजावणी त्यांनी स्वतःवर केली. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ ताटकळत ठेवून त्यांनी जगदीशला एकेक फाईल, एकेक किल्ली आणि वायरींनी भरलेला बिस्किटांचा डबा हातात दिला, आणि त्याच्याकडून सगळं मोठ्याने म्हणवून घेतलं. पाहुणे हार घेऊन तासभर बसले होते.

ताई निवृत्त झाल्या असं आपण म्हणतो, पण त्यांचं काम संपलेलं नाही. आरती सेनगावहून बारावी झाली आणि आता हिंगोलीत बी.ए. करते, वसतिगृहात राहते. ताईंनी तिच्या मोबाइलमध्ये वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवून दिला आहे. पण जुन्या, पुसट छपाईच्या पुस्तकांपुढे तो अडखळतो. म्हणून दर रविवारी आरती ताईंच्या घरी येते आणि ताई तिला वाचून दाखवतात. इतिहास, राज्यशास्त्र, जे असेल ते. काका मधूनमधून पाणी आणून देतात आणि स्वतः ऐकत बसतात. आमच्या घरात आता दोघांची बी.ए. चालली आहे, असं ते सांगतात.

या अंकाच्या कामासाठी मी एका रविवारी तिथे गेलो होतो. ताईंनी एक प्रकरण संपवलं, चष्मा काढला, डोळे पुसले. आवाज बसला होता. साठ वर्षं झाली गं मला आता, त्या आरतीला म्हणाल्या, मी किती दिवस पुरणार आहे तुला, त्या मशीनचीच सवय कर. आरती वहीवर हात ठेवून बसली होती. तिने आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"मला एम.ए. पण करायचंय ताई. तोवर तुमी कुठं जायचं न्हाई."

ताईंनी चष्मा घातला आणि पुढचं प्रकरण काढलं.

प्रभावतीताई, आपल्या एकसष्टीनिमित्त आम्ही सगळे, ज्यांना आपण रागावलात, जेवू घातलंत आणि ज्यांच्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्यात ते सगळे, आपल्याला मनापासून नमस्कार करतो. आपली प्रकृती ठणठणीत राहो, डोळे साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि काकांसह आपल्याला भरपूर आयुष्य लाभो. आमच्या शुभेच्छांवर सगळा भार टाकून मी स्वस्थ बसलेलो नाही. एम.ए. झाल्यावर पीएच.डी. करायची, असं मी आरतीकडून कबूल करून घेतलं आहे.